सोंस, गंगा आणि रवींद्रकुमार सिन्हा

२०१६ साली पद्मश्रीच्या यादीत रवींद्रकुमार सिन्हा हे नाव आलं. पाटणा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणारे हे प्राध्यापक तोवर ‘डॉल्फिन मॅन’ म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले होते. त्याआधी १९९९ मध्ये नेदरलँड्सचा ‘ऑर्डर ऑफ द गोल्डन आर्क’ हा वन्यजीव संरक्षणासाठी दिला जाणारा मान त्यांना मिळाला होता. पुढे ते नालंदा मुक्त विद्यापीठाचे आणि नंतर कटऱ्याच्या श्री माता वैष्णोदेवी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सन्मानांची यादी इथे संपवता येईल. पण शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीचा आढावा घ्यायचा, तर त्याने आयुष्यभर काय मागितलं आणि त्यातलं किती पदरात पडलं, हेही पाहायला हवं. सिन्हांचं बहुतेक मागणं गंगेतल्या एका प्राण्यासाठी होतं, त्यामुळे हा हिशेब मांडणं तसं सोपं आहे.

गंगेतला डॉल्फिन पाण्यावर येतो तो श्वास घेण्यापुरता, जेमतेम सेकंदभर. त्या उच्छ्वासाचा जो आवाज होतो, त्यावरूनच बिहारमध्ये त्याला ‘सोंस’ म्हणतात. १८०१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. त्याच्या डोळ्याला भिंग नसतं. उजेड कुठून येतो एवढं कळलं तरी त्याला पुरतं. गढूळ पाण्यात तो ‘पाहतो’ ते आवाजाने. सतत टकटक असा सूक्ष्म ध्वनी सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, तळ कुठे, होडी कुठे ते ओळखायचं. उथळ पाण्यात तो एका कुशीवर कलून पोहतो आणि एका परानं तळ चाचपत जातो. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात न मारण्याच्या प्राण्यांची यादी आहे. तिच्यातला ‘गंगापुपुटक’ म्हणजे हाच प्राणी, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. ते खरं असेल, तर पाटलीपुत्रातून निघालेला संरक्षणाचा पहिला हुकूम बावीसशे वर्षांहून जुना आहे, आणि सिन्हांचं विद्यापीठ त्याच शहरात, त्याच नदीच्या काठावर उभं आहे.

स्वतंत्र भारताचा कायदाही उशिरा आला असं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, या डॉल्फिनला जागा मिळाली होती. पण सिन्हांनी ऐंशीच्या दशकात गंगेवर काम सुरू केलं, तेव्हा काठावरच्या बहुतेकांच्या लेखी तो एक मोठा मासाच होता. जाळ्यात सापडला तर कापायचा, तेल काढायचं, विकायचं. कायद्याने वाघाइतका जपलेला प्राणी घाटावर उघड कापला जात होता, आणि हा गुन्हा आहे हे कापणाऱ्याला माहीत नव्हतं. कायदा आणि घाट यांच्यामधलं हे अंतर तोडणं हे सिन्हांचं पहिलं काम होतं. ते त्यांनी कसं केलं, याकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वात मोलाचं काम तेच आहे आणि सन्मानपत्रांत त्याला सर्वात कमी जागा मिळते.

गंगेत बचवा आणि गरुआ नावाचे मासे मिळतात. खवले नसलेले, चवीला चांगले, बाजारात भाव असलेले. ते पकडण्याची एक जुनी पद्धत होती. मच्छीमार डॉल्फिनच्या चरबीचं तेल होडीतून पाण्यावर शिंपडत जात, कधी त्याच्या मांसाचे किंवा आतड्याचे तुकडेही होडीलगत पाण्यात ओढत नेत. तेलाचा तवंग पसरला की त्याच्या वासाने हे मासे वर येत, आणि आमिष न लावलेल्या बारीक गळांनी त्यांना पटापट ओढून घेतलं जाई. याच तेलाने सांधेदुखी जाते, असाही समज होता. म्हणजे एका सोंसाच्या चरबीला दोन गिऱ्हाइकं होती. जाळ्यात तो चुकून अडकला तरी त्याला सोडून देण्याचं काहीच कारण उरत नव्हतं.

अशा ठिकाणी बंदीची पाटी लावून भागत नाही. सिन्हांनी तेलालाच पर्याय शोधला. मासळी बाजारात रोज टाकून दिल्या जाणाऱ्या आतड्यांपासून आणि इतर अवशेषांपासून त्यांनी तेल काढलं. मच्छीमारांना बरोबर घेऊन, त्यांच्याच होड्यांवरून, त्यांच्याच पद्धतीने ते वापरून पाहिलं आणि हाती येणाऱ्या माशांची तुलना केली. डॉल्फिनच्या तेलाची जागा हे तेल घेऊ शकतं, असं दिसलं. शिवाय कच्चा माल बाजारातला कचराच असल्याने ते स्वस्तही पडत होतं. २००२ मध्ये हे काम ‘बायोलॉजिकल कॉन्झर्व्हेशन’ या नियतकालिकात छापून आलं. संशोधनलेख म्हणून तो साधा आहे. पण त्यामागचा विचार आपल्याकडच्या संरक्षणाच्या कामात दुर्मिळ आहे. माणूस प्राणी का मारतो हे आधी त्याच्याच होडीत बसून समजून घ्यायचं आणि मग त्याच्या हाती असं काही द्यायचं, की मारण्याची गरजच कमी होईल. डॉल्फिनच्या तेलाचा वापर यामुळे पुरता थांबला असं म्हणता येत नाही. पण ‘दुसरा उपायच नाही’ हे उत्तर मात्र संपलं.

दुसरं मोठं काम मोजणीचं. हे काम बाहेरच्याला कंटाळवाणं वाटतं आणि आतल्याला त्याचा कस कळतो. दोन अडीच मीटर लांबीचा प्राणी मिनिटा-दोन मिनिटांनी एकदाच वर येतो, तेही सेकंदभर. बऱ्याचदा फक्त लांबट चोच किंवा पाठीचा करडा पट्टा दिसतो. उडी मारून खेळ दाखवणं हा त्याचा स्वभाव नव्हे. मोजणारे होडीच्या उंच जागी बसतात, कुणी डावा काठ पाहतो, कुणी उजवा, कुणी समोरचं पात्र. होडी ठरावीक वेगाने प्रवाहाबरोबर खाली जाते. समोर वर आलेला सोंस आधी मोजलेलाच आहे की नवा, हे त्या सेकंदात ठरवावं लागतं. अलीकडच्या पद्धतीत दोन चमू एकमेकांना न कळता वेगवेगळी नोंद करतात. एकाला दिसलेले आणि दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेले किती, यावरून कुणालाच न दिसलेले किती असतील याचा अंदाज बांधला जातो. संगमापाशी, नदीच्या वळणावर, जिथे पाणी फिरून डोह होतो तिथे सोंस जास्त असतात. तिथे नजर जरा हलली की आकडा चुकतो.

सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतून अशा नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या. २००० मध्ये भारत आणि नेपाळमधल्या गंगाप्रणालीतल्या डॉल्फिनची स्थिती मांडणारा त्यांचा एकत्रित अहवाल आला. सोंस कुठे टिकला आहे, कुठून गेला आहे आणि का गेला, याचं सलग चित्र त्यातून उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकात तो यमुनेतून थेट दिल्लीपर्यंत जात असे. आता चंबळेच्या संगमाच्या वर यमुनेत तो दिसत नाही. याच काळात सिन्हांनी कन्नन कुरुंथाचलम यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञांबरोबर मृत डॉल्फिनच्या शरीरातली विषारी द्रव्यं तपासली. डीडीटी आणि पीसीबी यांसारखी चरबीत साचणारी रसायनं त्यांच्या शरीरात सापडली. गंगेकाठची माणसंही तेच मासे खातात, त्यामुळे हा अभ्यास डॉल्फिनपुरता राहत नाही.

आज देशभर एक आकडा सांगितला जातो: ६,३२७. २०२० च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी ‘प्रोजेक्ट डॉल्फिन’ची घोषणा केली. त्यानंतर २०२१ ते २०२३ या काळात भारतीय वन्यजीव संस्थेने आठ राज्यांतल्या २८ नद्यांची पाहणी केली, ८,५०० किलोमीटरहून जास्त. अहवाल मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला. उत्तर प्रदेशात २,३९७, बिहारमध्ये २,२२०, पश्चिम बंगालमध्ये ८१५, आसाममध्ये ६३५. पंजाबात बियास नदीत उरलेले सिंधू डॉल्फिन फक्त ३. ६,३२७ हा आकडा आला आणि लगेच ‘डॉल्फिन दुप्पट झाले’ असा सूर निघाला, कारण सिन्हांच्या पिढीचा अंदाज अडीच ते तीन हजारांचा होता. हा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आधीचे अंदाज कमी नद्यांतून आणि वेगळ्या पद्धतींनी काढलेले होते. नव्या पाहणीने क्षेत्र वाढवलं, पद्धत सुधारली. १९८२ मध्ये एस. जोन्स यांनी चार ते पाच हजारांचा अंदाज दिला होता, मग तोही धरायचा का? वेगळ्या मापाने मोजलेले आकडे एकमेकांखाली लिहून वाढ किंवा घट काढता येत नाही. नव्या आकड्याचा खरा उपयोग पुढे होईल, याच नद्या याच पद्धतीने पुन्हा मोजल्या तर.

५ ऑक्टोबर २००९ रोजी राष्ट्रीय गंगा नदी खोरे प्राधिकरणाच्या पहिल्या बैठकीत डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता मिळाली, आणि मे २०१० मध्ये तशी अधिसूचना निघाली. सिन्हांच्या पाठपुराव्याचं हे सर्वात ठळक फळ. त्याच्या तीनच वर्षं आधी, २००६ च्या अखेरीस, चीनमध्ये यांगत्सेवर सहा आठवडे शोध घेऊनही तिथला नदी-डॉल्फिन, बायजी, एकसुद्धा सापडला नव्हता. ती बातमी ताजी असताना भारताने हा निर्णय घेतला, याचं मोल कमी नाही. शाळकरी मुलांना आज सोंस ठाऊक आहे तो या घोषणेमुळे. पण घाटावर बातमी पोचायला किती वेळ लागतो पाहा. ३१ डिसेंबर २०२० रोजी उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडमध्ये कालव्यात आलेल्या एका डॉल्फिनला काठ्या-कुऱ्हाडींनी मारलं गेलं, आणि त्याचं चित्रीकरण सगळ्या देशाने पाहिलं. राष्ट्रीय जलचराला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

तो प्राणी कालव्यात आला कसा, हे विचारलं की नदीचा मूळ प्रश्न समोर येतो. बॅरेज बांधून नदीचं पाणी कालव्यांत वळवलं जातं. पाण्याबरोबर सोंसही आत शिरतो आणि कालव्यातलं पाणी उतरलं की अडकतो. बिजनौर आणि नरोरा इथल्या बॅरेजच्या मधल्या तुकड्यात राहणारे डॉल्फिन खालच्या गंगेतल्या डॉल्फिनपासून तुटलेले आहेत. १९७५ मध्ये फरक्का बॅरेज सुरू झालं आणि समुद्रातून वर चढणारी हिलसा मासळी बिहारकडे येणं जवळजवळ थांबलं. माशांच्या वाटा बंद झाल्या, त्या माशांवर जगणाऱ्या कोळ्यांची रोजी गेली. डॉल्फिनच्या समूहाचेही तुकडे झाले. अशा तुकड्यातला एखादा लहान समूह संपला, तर दुसरीकडून येऊन ती जागा भरायला वाट उरत नाही.

सिन्हांसह नदीच्या बहुतेक अभ्यासकांची मागणी इथे एकच आहे: उन्हाळ्यात नदीत पुरेसं पाणी सोडा. सर्वात कमी यश याच मागणीला मिळालं. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्राने गंगेतल्या किमान प्रवाहाची अधिसूचना काढली. बिजनौर, नरोरा आणि कानपूरच्या बॅरेजखाली ऑक्टोबर ते मे या काळात सेकंदाला किमान २४ घनमीटर पाणी सोडावं, असं तीत म्हटलं आहे. एक तर ही मात्रा फार थोडी आहे, आणि दुसरं म्हणजे ही अधिसूचना उन्नावपर्यंतच्या गंगेसाठी आहे. सिन्हांनी आयुष्यभर अभ्यासलेला पाटणा-भागलपूरचा पट्टा तिच्यात येतच नाही. अधिसूचना निघाल्यानंतर दोनच दिवसांनी ऋषिकेशच्या एम्समध्ये प्रा. जी. डी. अग्रवाल यांचं निधन झालं. आयआयटी कानपूरचे हे पर्यावरण-अभियंते, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव. पुढे संन्यास घेऊन त्यांनी स्वामी ज्ञानस्वरूप सानंद हे नाव धारण केलं होतं, आणि गंगेच्या अखंड प्रवाहासाठी १११ दिवस उपोषण केलं. एकाच नदीच्या दोन शास्त्रज्ञांकडे व्यवस्थेने इतक्या वेगळ्या नजरेने पाहिलं. प्राण्यासाठी मागणाऱ्याचं थोडंफार ऐकलं गेलं, कारण प्राण्याला मान द्यायला पाणी सोडावं लागत नाही. पाणी मागणाऱ्याला उत्तर मिळालं तेव्हा उशीर झाला होता. हे लिहिताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

भागलपूरजवळचं विक्रमशिला गांगेय डॉल्फिन अभयारण्य हा या सगळ्या आढाव्यातला सर्वात गुंतागुंतीचा भाग. सुलतानगंज ते कहलगाव, सुमारे ६० किलोमीटर, १९९१ मध्ये जाहीर झालं. पण याच पाण्याचा आणखी एक इतिहास आहे. सुलतानगंज ते पीरपैंती या पट्ट्यात नदीवर चक्क जमीनदारी होती. ‘पानीदार’ म्हणवणारे मालक मच्छीमारांकडून पाण्याचा कर वसूल करत. त्याविरुद्ध १९८२ मध्ये कहलगावच्या कागझी टोल्यातून गंगा मुक्ती आंदोलन उभं राहिलं. अनिल प्रकाश यांच्यासारखे कार्यकर्ते आणि मल्लाह-निषाद समाजातली असंख्य स्त्री-पुरुष माणसं जवळपास दहा वर्षं लढली आणि १९९१ च्या सुमारास नदी मोकळी झाली. त्याच वर्षी त्याच पाण्यावर अभयारण्य आलं. पिढ्यांनंतर हक्क मिळालेल्या माणसाला हा दुसरा मालक वाटला, तर नवल नाही.

नंतरच्या काळात भागलपूरच्या तिलका मांझी विद्यापीठातले सुनील चौधरी आणि मुंबईच्या वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्टशी जोडलेले नचिकेत केळकर यांनी या पट्ट्यात दीर्घकाळ काम केलं. सोंसाला लागणारे डोह आणि कोळ्याला लागणारे डोह बऱ्याच अंशी एकच आहेत, आणि लहान माशांसाठी दोघांची ओढाताण होते, हे त्यांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. म्हणजे मासे वाढले तर दोघांचं भलं, आटले तर दोघांचं नुकसान. कोळ्याला हटवून डॉल्फिन वाचतो, ही समजूत इथे टिकत नाही. मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यांनी माशांची पिल्लं ओरबाडणं आणि गुंडगिरीच्या जोरावर पाणी बळकावणं थांबवलं, तर त्याचा पहिला फायदा गरीब मच्छीमारालाच होतो.

याच पट्ट्यातून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ जातो, हल्दिया ते प्रयागराज, १,६२० किलोमीटर. मोठी जहाजं जायची तर तळातला गाळ उपसून पात्र खोल करावं लागतं. उपसणारी यंत्रं आणि जहाजांची इंजिनं यांचा आवाज पाण्यात दूरवर जातो. २०१९ मध्ये मयूख डे, केळकर आणि सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये दाखवलं, की पाणी उथळ असताना हा गोंगाट डॉल्फिनच्या ध्वनीवर मात करतो, आणि त्याला तोंड देताना त्याच्या शरीरावर ताण वाढतो. आवाजानेच वाट शोधणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत हे गंभीर आहे. जहाजं पूर्ण बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यात, अभयारण्याच्या हद्दीत, वेग आणि फेऱ्यांना मर्यादा घालणं अवघड नाही.

सिन्हांची आणखी एक जुनी मागणी संशोधन केंद्राची होती. पाटण्यात गंगेकाठी राष्ट्रीय डॉल्फिन संशोधन केंद्र व्हावं, यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. जागेच्या प्रश्नावरच बरीच वर्षं गेली, आणि उद्घाटन झालं ते मार्च २०२४ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आसाममध्ये वन्यजीव संस्थेने गांगेय डॉल्फिनला पहिल्यांदाच उपग्रह-टॅग लावला. पाणी उतरल्यावर हे प्राणी कुठल्या डोहात जातात, किती दूर जातात, एका बॅरेजपासून दुसऱ्यापर्यंत फिरतात का, हे आजवर होडीतून दिसलं तेवढंच कळत होतं. आता ते प्रत्यक्ष मागोवा घेऊन कळेल. पाटण्याच्या केंद्राने हेच काम बिहारच्या गंगेत हाती घ्यावं. सोबत प्रत्येक मृत डॉल्फिनचं शवविच्छेदन व्हावं आणि त्याच्या नोंदी सगळ्यांना पाहता याव्यात. सिन्हांच्या काळात एकेका मृत प्राण्यामागे धावून जे गोळा केलं गेलं, ते आता नित्याचं व्हायला हवं.

आणि शेवटी जाळी. आज मुद्दाम मारले जाण्यापेक्षा नायलॉनच्या जाळ्यात अडकून गुदमरणं हा डॉल्फिनला मोठा धोका आहे. यावरचा एक उपाय महाराष्ट्रात आधीच करून पाहिला गेला आहे. डिसेंबर २०१८ पासून राज्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग कोकण किनाऱ्यावर एक योजना राबवत आहेत. बहिरी मासा (व्हेल शार्क), समुद्री कासव, डॉल्फिन असा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर फोटो किंवा चित्रीकरण पाहून जाळ्याची भरपाई मिळते, कमाल २५,००० रुपये. यामुळे जाळं कापणाऱ्याचं नुकसान होत नाही, आणि प्राणी सापडल्याची बातमी लपवायची गरजही उरत नाही. सिन्हांच्या तेलामागचा विचार हाच होता. विक्रमशिलाच्या ६० किलोमीटरमध्ये अशी योजना आधी सुरू करावी. तिथल्या मच्छीमारांशी अभ्यासकांची जुनी ओळख आहे, मोजणीच्या अनेक वर्षांच्या नोंदी आहेत, आणि त्या वाचून योजनेचा परिणाम तपासू शकणारी माणसं भागलपूर आणि पाटण्यात आज काम करत आहेत.